रोजचे कपडे, रोजची सायकल: कपडे न बदलता सायकलवरून कसं फिरायचं

सिग्नल सुटला, मी पॅडलवर जोर दिला आणि उजवा पाय वर यायलाच तयार नाही. खाली बघितलं तर पँटची मोहरी चेन आणि पुढच्या दातेरी चकतीच्या मधे गच्च अडकलेली, मागे हॉर्न सुरू झालेले. अशा वेळी हात आपोआप कापड ओढायला जातो, मी तेच केलं, टर्रकन आवाज आला आणि घोट्यापासून वीतभर पँट फाटली. तर पहिली गोष्ट हीच, असं झालं तर कापड ओढू नका. डावा पाय जमिनीवर घट्ट टेकवा, खाली वाका आणि हाताने पॅडल हळूहळू उलटं फिरवा, कापड ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने बाहेर येतं, ग्रीसचा डाग पडतो पण पँट वाचते.

त्यानंतर मी सायकलसाठी वेगळे कपडे घालायला लागले. म्हणजे घरून ट्रॅक पँट आणि टीशर्ट, बॅगेत ऑफिसचे कपडे घडी करून, पोचल्यावर बाथरूममधे उभ्या उभ्या बदलायचे, संध्याकाळी परत सगळं उलटं. घडी केलेला शर्ट चुरगळलेलाच निघायचा, बुटांची वेगळी पिशवी, ओला टीशर्ट दिवसभर कुठे वाळत घालायचा हा आणखी एक प्रश्न. दीड महिन्यात सायकल आठवड्यातून एकदा वर आली. आणि मग एका मैत्रिणीच्या सायकलवर बसले, तिच्या सायकलला पूर्ण बंद चेनकव्हर होतं, मी ढगळ पँट घालून अख्खा दिवस फिरले आणि काहीच झालं नाही. तेव्हा कळलं की दोष पँटचा नव्हता, माझ्या सायकलचा होता. फॅशन आणि सायकल यांचं भांडण आहे असं आपल्याला वाटतं ना, ते बरंचसं चुकीच्या सायकलमुळे आहे. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की आधी सायकलला नीट कपडे घाला, मग स्वतःच्या कपाटाकडे बघा, आणि कपाटातून जे काढाल ते जिथे जायचंय तिथल्या हिशोबाने काढा, रस्त्याच्या नाही.

रेसिंगचे कपडे रेसिंगसाठी

अंगाला चिकटलेले लायक्राचे कपडे, गादीवाली शॉर्ट, मागे खिसे असलेली जर्सी, या सगळ्याला कारण आहे, पण ते कारण तुमच्या आमच्या रोजच्या फेरीचं नाही. वेगात सायकल मारताना सगळ्यात मोठा शत्रू हवा असते, आणि हवेला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणून तिथे फडफडणारा शर्ट खरंच महागात पडतो. शहरात सिग्नल, वळणं, गर्दी धरून आपण १२ ते १६ किलोमीटरच्या वेगाने जातो, तिथे शर्ट फडफडला तर फडफडला. गादीवाली शॉर्टही दोन-तीन तास सलग बसणाऱ्यांसाठी असते, वीस मिनिटांसाठी तिची काही गरज नाही. तुम्हाला ते कपडे आवडत असतील तर जरूर घाला, पण ते नाहीत म्हणून सायकल नको असं करू नका. भारी सायकल, भारी जर्सी, खास बूट यावर आधी खर्च करून मग दोन महिन्यांत सगळं पडून राहिलेलं मी फार वेळा बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या माणसाला सायकल आवडत नव्हती असं नाही, त्याला ती रोज वेगळा वेष करायला लावत होती.

२००६ मधे कोपनहेगनमधे मिकाएल कोलव्हिल-अँडरसन यांनी सकाळच्या गर्दीत सिग्नलला एक फोटो काढला, स्कर्ट आणि बूट घातलेली एक बाई, सायकलवर, सिग्नल सुटलाय आणि ती अजून निघायचीय. त्या शहरात रोज दिसणारं दृश्य, पण बाहेरच्या लोकांना ते इतकं नवं वाटलं की त्यातून पुढे ‘सायकल शिक’ (Cycle Chic, म्हणजे रोजच्या छान कपड्यांत सायकल चालवणं) हा शब्दच जगभर गेला. मला त्या फोटोत बाईपेक्षा तिच्या साधेपणाचं आकर्षण वाटतं, ती सायकलिंग करायला निघालेली नाहीये, ती कुठेतरी निघालीय आणि सायकलवर बसलीय एवढंच.

आधी सायकलला कपडे घाला

इथे जरा सविस्तर सांगते कारण निम्मं काम इथेच होतं.

चेनकव्हर हे सगळ्यात महत्त्वाचं. नेदरलँड्समधल्या रोजच्या सायकली बघा, बऱ्याच सायकलींची चेन पूर्ण डब्यात बंद असते, त्यामुळे कापड अडकत नाही, ग्रीस लागत नाही आणि चेनवर धूळ-पाणी कमी बसल्यामुळे चेनही जास्त टिकते. तुमच्या सायकलला मागे बरेच गिअर असतील आणि बाहेरून चेन हलवणारा डीरेलर असेल तर पूर्ण डबा बसत नाही, तेव्हा निदान पुढच्या चकतीला बाहेरून गोल कव्हर बसवून घ्या, त्याने ऐंशी टक्के प्रश्न सुटतो असा माझा अनुभव आहे. नवी सायकल घेत असाल आणि ती मुख्यतः ऑफिस-बाजारासाठी असेल तर एक गिअरची किंवा मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत गिअर असलेली घ्या, तिला पूर्ण चेनकव्हर बसतं.

दुसरं मडगार्ड. नुसता पाऊस पडतानाच नाही, पाऊस थांबल्यावर रस्ता तासभर ओला असतो आणि मागचं चाक ते पाणी सरळ तुमच्या पाठीवर एका रेषेत उडवतं, पुढचं चाक बुटांवर. सीटच्या खाली अडकवायची ती छोटी प्लॅस्टिकची पट्टी पाठ थोडीफार वाचवते, बूट अजिबात नाही. पूर्ण लांबीचं मडगार्ड हवं, आणि पुढच्याच्या टोकाला रबराची झडप लावलीत, अगदी जमिनीपासून चार बोटं वर येईल एवढी, तर बूट आणि मोहऱ्या दोन्ही कोरडे राहतात.

तिसरं म्हणजे मागच्या चाकाच्या वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी जाळी. लांब कोट, लांब कुर्ता, घेरदार स्कर्ट, ओढणी यातलं काहीही स्पोकमधे गेलं की चाक ते गुंडाळतच जातं आणि चेनपेक्षा हे जास्त धोक्याचं, कारण चेन फार तर कापड फाडते, चाक माणूस पाडतं. १८८०च्या दशकाच्या शेवटी बायकांसाठी मधला दांडा खाली वाकवलेल्या सायकली निघाल्या तेव्हापासून मडगार्डपासून हबपर्यंत दोऱ्या ओवून अशी जाळी करायची पद्धत आहे. आजही जाड दोऱ्याने किंवा क्रोशाने विणून लावता येते, आणि हवा तो रंग घेतलात तर सायकलचं रूपच बदलतं. माझ्या सायकलला मी हिरव्या दोऱ्याची विणलीय, मडगार्डच्या कडेला बारीक भोकं पाडून घेतली आणि दोन संध्याकाळी लागल्या.

हँडलबद्दल पण बोलायला हवं. हँडल खाली आणि लांब असलं की आपण पुढे वाकतो, शर्ट मागून वर सरकतो, पँटची कंबर खाली जाते, कोट बगलेत ओढला जातो, मनगटावर भार येतो. हँडल सीटच्या उंचीला किंवा थोडं वर आणि तुमच्याकडे वळलेलं असेल तर पाठ सरळ राहते आणि उभं राहिल्यावर कपडा जसा बसतो जवळजवळ तसाच सायकलवरही बसतो. नुसतं हँडल बदलून मला माझे अर्धे कपडे परत मिळाले. फक्त केबल पुरतायत ना ते दुकानदाराकडून तपासून घ्या, उंच हँडलला कधीकधी ब्रेकची केबल लांब लागते.

सीटचं कव्हर खरखरीत असेल किंवा कडेला जाड शिलाई वर आलेली असेल तर तीच जागा रोज घासून जीन्स आतल्या मांडीला विरते, लोकांना वाटतं कापड वाईट. गुळगुळीत सीट घ्या. आणि सीटची उंची बरोबर ठेवा, टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली गेलं की पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. सीट खाली असली की गुडघा फार वर येतो, मांडी घासते, पँट गुडघ्यात ताणते, हे सगळं एकाच गोष्टीमुळे.

आणि बास्केट किंवा कॅरिअरला अडकवायची पिशवी. बॅग पाठीवरून खाली आली की काय फरक पडतो ते घामाच्या भागात सांगतेच.

पँट कशी निवडायची

ट्रायल रूममधे आपण सरळ उभं राहून आरशात बघतो, सायकलवाल्याने तिथे आणखी तीन गोष्टी करायच्या. एक, एक गुडघा कंबरेपर्यंत वर उचलायचा, आसनात किंवा मांडीला कापड अडत असेल तर ती पँट रोज अडणार. दोन, खुर्चीत बसल्यासारखं खाली बसायचं आणि मागे हात लावून कंबर किती खाली गेली ते बघायचं. तीन, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करायचे, शर्ट-जॅकेट घेत असाल तर हे महत्त्वाचं, पाठीत ओढ बसली किंवा बाही मनगटापासून खूप वर गेली तर एक माप मोठं बघा किंवा पाठीत चुणी असलेला शर्ट घ्या, त्या चुणीचं कामच हात पुढे गेल्यावर उघडणं आहे.

कापडात एक-दोन टक्के स्ट्रेच असेल तर पुरे, त्याहून जास्त असलं की गुडघ्याला पोक येतो आणि दिवसभर तसाच दिसतो. सगळ्यात आधी फाटते ती आसनातली जागा, जिथे चार शिवणी एका ठिकाणी येतात आणि बरोबर सीटवर टेकतात. टेलरकडून शिवून घेत असाल तर तिथे पतंगाच्या आकाराचा एक तुकडा घालायला सांगा, चार शिवणी एका बिंदूत न येता पसरतात, टोचत नाही आणि पाय मोकळा उचलतो. तयार पँटची तीच जागा जुनी व्हायच्या आधीच आतून मऊ कापडाचा अस्तर-तुकडा टीप मारून घेतला तर पँट कितीतरी जास्त चालते. फाटल्यावर रफू करण्यापेक्षा आधी तुकडा लावणं नेहमीच बरं.

चेन उजवीकडे असते म्हणून उजवी मोहरीच जपायची असते. चेनकव्हर नसेल तर उजवी मोहरी दोन घड्या वर, किंवा घोट्याभोवती पट्टा, आणि पट्टा लावताना कापडाची जास्तीची घडी बाहेरच्या बाजूला घ्या, चेनच्या बाजूला नको. हा पट्टा चमकणारा घेतला तर तो रात्रीही कामाला येतो. मोठ्या कंपन्यांनाही हे कळलंय, लिव्हाईसने २०११ मधे खास सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी जीन्स काढली होती, मोहरी दुमडली की आतली चमकणारी पट्टी दिसायची आणि मागे कंबरेला कुलूप अडकवायची जागा होती. ही आयडिया टेलरकडून कुठल्याही पँटवर करून घेता येते, चमकणारी पट्टी मोहरीच्या आतल्या बाजूला शिवायची, दिवसा ऑफिसमधे कुणाला दिसतही नाही.

स्कर्ट, ओढणी, घेर

स्कर्ट घालून सायकल चालवता येते, फक्त कुठला ते बघावं लागतं. घट्ट पेन्सिल स्कर्टमधे गुडघा वर जात नाही, त्याला मागे मोठा कट असला तरी स्कर्ट वर सरकत राहतो. मांडीपासून मोकळा होणारा, गुडघ्याच्या जरा खाली येणारा, थोडं वजन असलेल्या कापडाचा स्कर्ट सगळ्यात सोपा. हलकं झुळझुळीत कापड वाऱ्याने उडतं. त्यावर एक साधी युक्ती आहे, २०१४ मधे स्कॉटलंडमधून तिचा व्हिडिओ खूप फिरला होता: मागच्या काठाचा मधला भाग पायांच्या मधून पुढे घ्यायचा, पुढच्या कापडाला भिडवायचा, मागच्या कापडाच्या पाठीमागे एक नाणं धरायचं आणि पुढून दोन्ही कापडं मिळून त्या नाण्यावर रबरबँड गुंडाळायचा. स्कर्टची तात्पुरती ढगळ शॉर्ट होते. उतरल्यावर रबर काढायचा, नाणं खिशात, चुणी पण फार पडत नाही. आत सायकलिंगची नाही, साधी सुती शॉर्ट घातली की डोक्याचा ताप संपतो.

ओढणी, स्कार्फ, मफलर, जॅकेटचा पट्टा, बॅगेचा लोंबता बंद, हे सगळं निघायच्या आधी बांधायचं, कंबरेला किंवा पाठीवर गाठ मारून टोकं आत खोचायची. यात चालढकल करू नका. १९२७ मधे नर्तिका इसाडोरा डंकन यांचा जीव असाच गेला, लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात गुंडाळला गेला होता. सायकलचं चाक तर आपल्या कपड्याच्या अगदी शेजारी फिरत असतं.

थोडं विषयांतर करते पण राहवत नाही. हे सगळे प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बायकांनी आपल्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतले होते. लंडनमधल्या अ‍ॅलिस बायग्रेव्ह नावाच्या शिलाईकाम करणाऱ्या बाईने १८९५ मधे अशा स्कर्टचं पेटंट घेतलं ज्याच्या शिवणीच्या आत दोऱ्या आणि बारीक पुल्या होत्या, दोरी ओढली की स्कर्ट वर, सोडली की खाली, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला काही कळायला नको आणि सायकलही चालवता यावी. आणि १८९८ मधे लेडी हार्बर्टन या मोकळ्या विजारीसारखा पोशाख घालून सायकलने इंग्लंडमधल्या एका हॉटेलात गेल्या तर त्यांना कॉफी रूममधे बसू दिलं नाही, पुढच्या वर्षी त्यावर खटला उभा राहिला आणि तो हॉटेलच्या बाजूने लागला. त्या हरल्या खऱ्या, पण आज मी पँट घालून सायकलवर बसते त्यात त्यांचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

घाम, म्हणजे खरा प्रश्न

सगळ्यांची भीती हीच असते, आणि ती खोटी नाहीये. आपलं शरीर पॅडलवर जेवढी ताकद लावतं त्याच्या साधारण तिप्पट-चौपट उष्णता बनवतं, खाल्लेल्यातला पाव किंवा त्याहून कमी भागच चाक फिरवायला जातो. चालत्या सायकलवर वारा लागत असतो म्हणून ती उष्णता निघून जाते आणि आपल्याला वाटतं घाम आलाच नाही, मग आपण उतरतो, वारा थांबतो, आतली उष्णता अजून चालूच असते आणि दोन मिनिटांनी लिफ्टमधे उभं असताना धारा लागतात. हे एकदा समजलं की उपाय आपोआप सुचतात.

सगळ्यात मोठा उपाय हळू चालवणं. २० ऐवजी १५ च्या वेगाने गेलात तर हवेशी झगडायला लागणारी ताकद निम्म्याहूनही कमी होते, आणि पाच किलोमीटरला वेळ किती वाढतो, १५ मिनिटांची २० मिनिटं. पाच मिनिटं आधी निघायचं, बाथरूममधे तोंड-मान पुसण्यात आणि शर्ट बदलण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो. त्यातही शेवटची पाच-सात मिनिटं तर एकदम रमतगमत जायचं, हलका गिअर, वारा चालू, जोर बंद. चढ असेल तर चढाच्या आधीच गिअर हलका करा, आणि फार असेल तर उतरून चाला, त्यात काही कमीपणा नाही.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातून बाहेर पडताना अगदी आरामात वाटतंय म्हणजे दहा मिनिटांनी उकडणार. जॅकेट सुरुवातीलाच काढून बास्केटमधे टाका आणि पोचल्यावर घाला, जॅकेट सायकलवर घालायची गोष्टच नाही असं समजलात तरी चालेल (कडाक्याची थंडी असेल तर अर्थात वेगळं). कोट घातलाच तर बटणं उघडी.

बॅग पाठीवर नको. पाठ हा घाम उडून जायचा सगळ्यात मोठा पट्टा आणि आपण त्याच्यावरच गादी बांधतो, शर्टवर बरोबर बॅगेच्या आकाराचा ओला नकाशा उमटतो. बॅग कॅरिअरला लावली की वजनही खाली जातं, खांदे मोकळे होतात, शर्टच्या खांद्यावर पट्ट्याच्या चुण्या पडत नाहीत. लॅपटॉप आहे म्हणून पाठीवरच हवी असं वाटत असेल तर आत जाड फोमचं पाकीट घाला आणि पिशवी तळाला आपटत नाही ना एवढं बघा.

कापडाबद्दल लोक एकदम टोकाचं बोलतात. सुती कापड घाम शोषतं आणि मग वाळायला वेळ लावतं, पण सैल आणि पातळ सुती शर्ट वीस मिनिटांच्या फेरीला पुरेसा आहे. लिनन पटकन वाळतं, चुरगळतं, पण लिननचं चुरगळणंच छान दिसतं. पॉलिएस्टर झटकन वाळतं पण वास धरून ठेवतं, धुतल्यावरही बगलेत जरा ऊब लागली की परत येतो, म्हणून दिवसभर अंगावर राहणाऱ्या कपड्याला मी ते टाळते. बारीक मेरिनो लोकर ऐकून गरम वाटते पण तिचे पातळ टीशर्ट असतात, वासाला फार चांगली, परवडत असेल तर एक आतून घालायला घ्याच. रंगाचं म्हणाल तर करडा, फिका निळा आणि खाकी यावर घामाचे डाग सगळ्यात ठळक दिसतात, पांढरा, काळा, गडद निळा आणि बारीक प्रिंट सगळं झाकतात. तातडीची मीटिंग असेल त्या दिवशी मी डोळे मिटून बारीक फुलांचा शर्ट काढते.

आणि ऑफिसच्या खणात एक छोटा टॉवेल, कंगवा, डिओ, एक जादा शर्ट. तो शर्ट वर्षात चारदाच लागेल, पण तो आहे म्हणून बाकीचे दिवस बिनधास्त जातात.

अंधारात दिसणं

इथे फॅशनवाले आणि सुरक्षावाले दोघेही चुकतात. पोपटी फ्लुरोसंट जॅकेट दिवसा झगमगतं कारण ते सूर्यप्रकाशातले अतिनील किरण घेऊन दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतं, रात्री रस्त्यावरच्या दिव्यात तसे किरण जवळजवळ नसतातच, मग ते साध्या फिक्या जॅकेटसारखंच. रात्री काम करते ती चमकणारी पट्टी, जी गाडीच्या दिव्याचा उजेड आला तिकडेच परत फेकते. आणि ती कुठे लावायची हे जास्त महत्त्वाचं. अंगावर मधोमध लावली तर ड्रायव्हरला एक चमकता ठिपका दिसतो, तो खांब आहे की बोर्ड ते कळत नाही. घोट्याला आणि गुडघ्याला लावली की पॅडलबरोबर ती वर-खाली होते आणि माणसाचा मेंदू अशी हालचाल बघताक्षणी ओळखतो, हा माणूस आहे. अभ्यासांमधेही घोटे-गुडघे यावरच्या पट्ट्या नुसत्या जॅकेटपेक्षा जास्त उपयोगी ठरल्यात. म्हणजे आपल्याला हवं तेच झालं की, काळा ड्रेस हवा असेल तर काळा घाला, पण घोट्यावर दोन पट्टे बांधा, बुटाच्या टाचेला चमकणारी पट्टी लावा, आणि सायकलचे पुढचे-मागचे दिवे चालू ठेवा. दिवे तर कपड्यांच्याही आधी. हबच्या आतल्या डायनॅमोवर चालणारे दिवे मिळाले तर चार्जिंगचीही आठवण ठेवायला नको.

हेल्मेट आणि केस

हेल्मेट घाला आणि नीट घाला, पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर, कानाखाली पट्ट्यांचा व्ही आकार, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. मागे सरकवलेलं हेल्मेट छान दिसत असेल पण कपाळ उघडं राहतं. एकदा जोरात आपटलं की बदला, बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. केस लांब असतील तर खाली मानेवर सैल वेणी किंवा अंबाडा, वर बांधलेला अंबाडा हेल्मेटला बसू देत नाही. केस पूर्ण वाळल्याशिवाय हेल्मेट घालू नका, ओले केस ज्या आकारात दाबले जातील त्याच आकारात वाळतात. लहान केसवाल्यांनी पोचल्यावर बोटं पाण्यात बुडवून मुळांशी फिरवली की बसलेले केस उठतात.

केस बिघडू नयेत म्हणून स्वीडनमधे दोन मुलींनी २००५ मधे कॉलेजच्या प्रोजेक्टपासून सुरुवात करून गळ्यात कॉलरसारखी घालायची एअरबॅग बनवली होती, होव्हडिंग नावाची, पडायला लागलं की फुगून डोक्याभोवती यायची. २०११ पासून ती विकली गेली, २०२३च्या शेवटी कंपनी बंद झाली. कुणी जुनी वापरलेली देत असेल तर घेऊ नका.

बूट आणि पाऊस

बुटाचा तळ फार पातळ नको आणि फार गुळगुळीत नको. धातूचे दात असलेलं पॅडल चांगल्या बुटाचा तळ खरवडून काढतं, रबराच्या ठोकळ्यांचं पॅडल लावा. टाचेचे बूट घालून चालण्यापेक्षा सायकल चालवणं सोपं पडतं, कारण पाऊल चवड्यावर टेकतं, टाच हवेतच असते, फक्त उतरताना सांभाळून. लेस दुहेरी गाठ मारून आत खोचा, उजव्या पायाची तर नक्कीच.

पावसात अंगाला लागून बसणारा प्लॅस्टिकचा सूट बाहेरून भिजू देत नाही आणि आतून घामाने भिजवतो. थोड्या अंतराला सायकलचा केप चांगला, म्हणजे हँडलवर पसरणारा पोंचो, अंगठ्यात अडकवायचे लूप असलेला, खालून हवा येत राहते आणि आतले कपडे जसेच्या तसे. जोराच्या वाऱ्यात मात्र तो शिडासारखा फुगतो, तेव्हा नको. केप घेताना उजळ रंगाचा घ्या, पावसात सगळं करडं झालेलं असतं.

ग्रीसचा डाग पडलाच तर

घासू नका आणि गरम पाण्यात टाकू नका. आधी टिश्यूने नुसतं दाबून वरचं तेल टिपा, मग टाल्कम पावडर दाबून अर्धा तास ठेवा, झटका, मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब बोटाने जिरवून दहा मिनिटांनी उलट्या बाजूने धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नका, इस्त्रीने तो कायमचा बसतो. चेनला दर वेळी तेल दिल्यावर जास्तीचं तेल कापडाने पुसून घ्यायची सवय लावलीत तर हे सगळं करायची वेळच कमी येते, आत मुरलेलं तेल काम करतं, वरचं तेल नुसती धूळ धरतं आणि पँट काळी करतं.

हे सगळं एकदम करू नका. सुट्टीच्या दिवशी तुमच्या कपाटातला सगळ्यात आवडता, सायकलवर कधीच न घातलेला ड्रेस घाला आणि ऑफिसच्याच रस्त्याने हळूहळू जाऊन या. कुठे अडकलं, कुठे घाम आला, काय वर सरकलं ते परत आल्यावर लिहा. माझ्या पहिल्या यादीत तीनच गोष्टी होत्या, मोहरी, पाठीवरची बॅग आणि हँडल, आणि त्यातल्या दोन तर सायकलवरच्याच निघाल्या.